९० कुटुंबे, एक फाटक: पहिलीच्या पहिल्या सकाळचा प्रकरण अभ्यास

प्राथमिक शाळा, पहिलीच्या ३ तुकड्या, प्रत्येक तुकडीत ३० मुले. म्हणजे ९० नवी कुटुंबे. सगळ्यांना एकच वेळ कळवलेली आहे: सकाळी साडेआठ. फाटकाशी एक टेबल, टेबलामागे एक कारकून, त्याच्यापुढे प्रवेशाच्या फायली. प्रत्येक कुटुंबाने थांबायचे, कागद तपासून घ्यायचे, सही करायची, मुलाच्या नावाची पट्टी घ्यायची आणि सभागृहात जायचे. तिथे मुख्याध्यापकांचे ४० मिनिटांचे भाषण. मग मुले वर्गात, पालक बाहेर.

ही शाळा कुठली खरी शाळा नाही. हिशेब मांडता यावा म्हणून सोयीचे आकडे घेतले आहेत. बेत मात्र ओळखीचा वाटेल, कारण बहुतेक शाळा न ठरवता याच बेतावर येऊन पोचतात. कागदावर तो नीटनेटका दिसतो आणि त्यात कुणाचा हलगर्जीपणाही नाही. तरीही तो पहिल्या १५ मिनिटांत कोसळतो.

फाटकाचा हिशेब

कुटुंबे साधारण ८:१० ते ८:३० या वेळात येतात. २० मिनिटांत ९० कुटुंबे म्हणजे मिनिटाला साडेचार. कारकुनाला एका कुटुंबामागे दीड मिनिट लागते असे धरू. हेसुद्धा उदार गणित आहे; एखादी छायाप्रत सापडली नाही की ४ मिनिटे सहज जातात. साडेआठची घंटा होते तेव्हा १३ कुटुंबे आत गेलेली असतात आणि ७७ रांगेत असतात. शेवटच्या कुटुंबाचा नंबर लागायला १०:२५ वाजतील. एका कुटुंबामागे ३ माणसे धरली तरी फाटकाबाहेर सव्वादोनशेहून जास्त माणसे उभी आहेत, शिवाय धाकटी भावंडे कडेवर.

अर्थात १०:२५ पर्यंत कुणी थांबत नाही. ८:४० च्या सुमारास कुणीतरी वैतागून म्हणते, ‘जाऊ द्या सगळ्यांना आत, कागद नंतर बघू,’ आणि फाटक उघडते. शाळेला वाटते, सुटलो. खरा घोटाळा इथून पुढे सुरू होतो. नावाच्या पट्ट्या टेबलावरच राहतात. एकाच नावाची दोन मुले अदलाबदलीने एकमेकांच्या तुकडीत जाऊन बसतात. शिक्षिका हजेरीतले नाव पुकारते आणि मूल ओ देत नाही, कारण घरी त्याला त्या नावाने कुणी हाकच मारत नाही. पटावर ३०, वर्गात ३१. आता हे एकतिसावे कोण, हे विचारायला पालक जागेवर नाहीत. ते सभागृहात भाषण ऐकत आहेत.

रांग, रडारड, धक्काबुक्की हे सकाळी सगळ्यांना दिसते, म्हणून पुढच्या वर्षी सुधारणा होते ती त्याचीच. धोका मात्र दुपारी असतो. शाळा सुटताना कोणते मूल कोणाच्या हाती द्यायचे याची नोंद सकाळी फाटकाशी व्हायची होती आणि ती झालेलीच नाही. नव्वद मुले, दोन-अडीचशे मोठी माणसे, आणि शिक्षिकेला यातले एकही तोंड ओळखीचे नाही. प्रवेशाच्या पहिल्या दिवसाची आखणी करताना आधी सुटण्याची वेळ आखावी आणि मग उलटे सकाळकडे यावे, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

काय काढून टाकले

दुरुस्तीची सुरुवात नव्या गोष्टी जोडून होत नाही. जुन्या बेतात एकाच जागी, एकाच वेळी चार कामे कोंबलेली आहेत: कागदपत्रे, ओळख, माहिती आणि निरोप. फाटकाशी यातले फक्त एक ठेवायचे, ते म्हणजे ओळख. बाकीची तीन दुसरीकडे हलवायची.

कागदपत्रे १० दिवस आधी. ज्यांची अपुरी राहिली असतील त्यांच्यासाठी आवारात आतल्या बाजूला, रांगेपासून दूर, वेगळे टेबल. आणि तिथे जायचे ते मूल वर्गात बसल्यावर. अपुऱ्या कागदासाठी मुलासमोर पालकांची झडती घेतली तर मूल त्यातून एकच अर्थ काढते: आपल्याला इथे घ्यायचे नाही.

कागदांबरोबर घरी एक कार्ड पाठवायचे, पाचच प्रश्नांचे. मुलाला घरी काय म्हणून हाक मारतात? न्यायला कोण कोण येऊ शकेल (जास्तीत जास्त चार नावे, फोनसह), आणि कोणाच्या हाती मुळीच देऊ नये? आजार, ॲलर्जी, औषध? घरात कोणती भाषा बोलता? मूल कशाला घाबरते, आणि घाबरले की कशाने शांत होते? याच कार्डावर २२ प्रश्न छापले तर ते अर्धवट भरून येते, आणि नेमके न्यायला येणाऱ्यांचे रकाने कोरे राहतात, कारण ते खाली असतात. पाचव्या प्रश्नाची उत्तरे एकदा वाचून बघा. ‘संडासाच्या फ्लशच्या आवाजाला घाबरते’ ही एक ओळ आधी माहीत असली तर पहिल्या दिवशीचा एक ओला गणवेश वाचतो.

वेळेची फोड

मोठ्या वर्गांची मुले नेहमीच्या वेळी साडेआठला आत जातील. पहिलीच्या तीन तुकड्या ९:००, ९:३० आणि १०:०० अशा येतील. अंतर ३० मिनिटांचेच का? कुटुंबे यायला १० मिनिटे, वर्गात रुळून निरोप घ्यायला १५ आणि ५ मिनिटे हाताशी. अंतर २० वर आणले तर पहिल्या तुकडीचे निरोप आणि दुसऱ्या तुकडीचे आगमन एकाच व्हरांड्यात एकमेकांवर आदळतात.

फाटकाशी आता दोन माणसे. एकाच्या हाती यादी: नाव विचारायचे, खूण करायची, पट्टी लावायची, बाण दाखवायचा. १५ सेकंद. १० मिनिटांत ३० कुटुंबे म्हणजे मिनिटाला ३, आणि हा एकटा माणूस मिनिटाला ४ सोडू शकतो. दुसरा माणूस फक्त ‘जरा एक विचारायचं होतं’ म्हणणाऱ्यांसाठी. त्यांना तो हळूच बाजूला घेतो. हा दुसरा माणूस नसेल तर एकाच प्रश्नापायी सगळी रांग अडते. आम्ही पाहिलेल्या बहुतेक चांगल्या आखण्या इथेच फसतात.

जागा किती लागेल याचाही हिशेब निघतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम साधा आहे: सरासरी किती जण ताटकळत असतील, ते येण्याचा दर गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. मिनिटाला ३ कुटुंबे येणार आणि कुणाला ३ मिनिटांपेक्षा जास्त थांबू द्यायचे नाही असे ठरवले, तर फाटकाशी सरासरी फार तर ९ कुटुंबांची, म्हणजे २५ ते ३० माणसांची गर्दी असेल. तेवढ्यांना सावली मिळेल एवढी जागा पुरते. शिवाय लवकर येणारे असतातच. साडेनऊच्या तुकडीतली पाच-सहा कुटुंबे नऊलाच हजर होतील. त्यांना हाकलू नये, बसायला जागा, पाणी आणि स्वच्छतागृह दाखवावे, पण रांगेत घेऊ नये.

जुळी भावंडे वेगवेगळ्या तुकड्यांत असतील तर दोघांनाही एकच वेळ द्यावी. कामावर वेळेत पोचणे भाग असलेल्यांना पहिली वेळ घ्यायची मुभा असावी. त्यासाठी पहिल्या वेळेत तीन-चार कुटुंबांची जागा मोकळी ठेवलेली बरी. नावाच्या पट्ट्या ९० नाही, १०० कराव्यात. पट्टी भिजते, फाटते, नावाचे शुद्धलेखन चुकते, आणि यादीत नसलेले एखादे मूलही येऊन उभे राहते. त्यालाही पट्टी लावावी, आत घ्यावे, आणि यादीचा घोळ मोठ्यांनी मागाहून निस्तरावा. पट्टीवर हाक मारायचे नाव मोठे, आडनाव लहान. दप्तराच्या बाहेरच्या बाजूला नाव लिहू नये असे पालकांना सांगावे. रस्त्यात अनोळखी माणसालाही मग मुलाला नावाने हाक मारता येते.

प्रत्येक तुकडीला रंग देण्याची पद्धत सगळीकडे आहे. रंगासोबत आकारही द्या: पिवळी चांदणी, निळा मासा, हिरवे पान. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी मुले असतातच, आणि छापताना रंगाच्या छटाही बदलतात. सहा वर्षांच्या मुलाची उंची सुमारे ११५ सेंटीमीटर, म्हणून मुलांसाठीच्या खुणा जमिनीपासून एक मीटरवर लावाव्यात, मोठ्यांसाठीच्या गर्दीच्या डोक्यांवरून दिसतील अशा. बाण वळणावर लागतो. सरळ व्हरांड्यात लावलेले सहा बाण वाया जातात.

सजावटीबद्दल फार बोलण्यासारखे नाही. फुगे मात्र नकोत: ते फुटतात, फुटले की पाचएक मुले दचकून रडतात, आणि रबराची ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास होतो तो वेगळाच. ध्वनिक्षेपकावर गाणी लावली की फाटकाशी नावे ऐकू येत नाहीत आणि १५ सेकंदांचे काम ४० सेकंदांवर जाते.

निरोप

आखणीतला सर्वांत नाजूक भाग हाच, आणि नेमका हाच कुणी आखत नाही. जुन्या बेतात निरोप सभागृहाच्या दारात व्हायचा: ९० मुले एकदम उठवायची आणि पालकांपासून वेगळी करायची. एक रडले की शेजारचे रडते. एकत्र निरोप घेतल्यावर रडे पसरते. एकेकाने घेतल्यावर ते सहसा त्या मुलापुरते राहते.

नवा निरोप वर्गात, मुलाचे हात कामात असताना. क्रम ठरलेला आहे. मूल आणि पालक आपल्या खुणेची खुंटी शोधतात, मूल स्वतः दप्तर अडकवते. मग स्वच्छतागृह: पालकांसोबतच एकदा जाऊन यायचे, कडी कशी लागते, पाणी कसे सोडायचे ते बघायचे. मग मूल एखाद्या टेबलाशी बसते. वर्गात ६ टेबले, प्रत्येकी ५ मुलांची. दोन टेबलांवर मळलेली माती, दोनवर ठोकळे, दोनवर कागद आणि जाड खडू. माती आणि ठोकळे निवडण्यामागे कारण आहे. त्यात बरोबर-चूक नसते आणि काम ‘संपत’ नाही. तुकडे जोडून चित्र करायचे कोडे पहिल्या दिवशी ठेवू नये. जमले नाही तर रडू, आणि जमले तर मूल मान वर करून विचारते, ‘आता काय?’ निरोपाच्या क्षणी या प्रश्नाला उत्तर नसते.

पालक ५ ते १० मिनिटे जवळ बसतात, मग सांगून उठतात. सांगून, हे महत्त्वाचे. मूल रमले आहे तोवर गुपचूप सटकावे असे पुष्कळांना वाटते आणि त्या दिवशी ते साधतेही. पण दुसऱ्या दिवशी तेच मूल आईचा पदर सोडत नाही, कारण नजर हटली की माणूस नाहीसे होते हे ते शिकलेले असते. परत येण्याची वेळ घड्याळात सांगून उपयोग नाही. सहा वर्षांच्या मुलाला ‘साडेबाराला’ यातून काही दिसत नाही. ‘आधी खेळ, मग मधली सुट्टी, मग गोष्ट, आणि गोष्ट संपली की मी दारात’ हे दिसते. यात शाळेवरही एक बंधन येते: दिवस खरोखर याच क्रमाने गेला पाहिजे. गोष्टीनंतर आणखी एक ‘छोटासा कार्यक्रम’ घुसडला की पालकांचा शब्द खोटा पडतो.

निरोप एकदाच घ्यावा. दारापर्यंत जाऊन परत फिरणारी माया समजण्यासारखी आहे, पण प्रत्येक फेरीत रडे पहिल्यापासून सुरू होते. खिडकीतून डोकावणारे चेहरे त्याहून वाईट. म्हणून पालकांना जायला एक जागा हवी. फाटकाजवळची एक खोली, खुर्च्या, पाणी, अर्धा तास थांबण्याची मुभा. जागा दिली की व्हरांडा आपोआप रिकामा होतो. जागा न देता लावलेल्या ‘पालकांनी येथे थांबू नये’ या पाट्या मुकाट्याने दुर्लक्षिल्या जातात.

रडणाऱ्या मुलाजवळ एकच मोठे माणूस असावे, आणि शक्यतो दिवसभर तेच. ‘रडू नको’ म्हणण्यापेक्षा ‘आईची आठवण येते ना? गोष्टीनंतर येणार आहे ती,’ असे म्हणावे, आणि हाताला काम द्यावे: पेन्सिली मोजून डब्यात ठेवणे, झाडांना पाणी. बहुतेकांचे रडे काही मिनिटांत ओसरते. घड्याळ बघताना ‘अजून रडते आहे का’ हा प्रश्न नसून ‘कमी होते आहे का’ हा आहे. २० मिनिटांनंतरही जोर तसाच असेल तर खोलीत थांबलेल्या पालकांना बोलवावे, थोडा वेळ बसू द्यावे, आणि त्या मुलाचा पहिला दिवस छोटा करावा. याला हार मानणारे शिक्षक भेटतात. आमचे मत उलट आहे.

भाषण गेले कुठे

थांबण्याच्या खोलीत. ४० मिनिटांचे ८ झाले, तीनदा द्यायचे. त्यात तीनच मुद्दे: अडचण आली तर कोणाला, कोणत्या वेळात फोन करायचा, मूल न्यायचा नियम काय, आणि घरी गेल्यावर मुलाला काय विचारायचे. ‘आज काय शिकलास?’ याचे उत्तर पहिल्या दिवशी ‘काही नाही’ असेच येते आणि घरात चिंता पसरते. ‘कोणाच्या शेजारी बसलास?’, ‘दप्तर कुठे अडकवलंस?’ याला उत्तर मिळते.

गणवेश, वेळापत्रक, सुट्ट्या, शाळेचा इतिहास हे सगळे कागदावर. संदेश तीन: तीन आठवडे आधी तारीख आणि आणायच्या वस्तू, एक आठवडा आधी वेळ, वर्गशिक्षिकेचे नाव व फोटो, आणि फाटकापासून वर्गापर्यंतचा चित्र-नकाशा, आदल्या संध्याकाळी एकच ओळ, त्या तुकडीची खूण आणि वेळ. या शेवटच्या संदेशात ‘तसेच कळविण्यात येते की’ आले की वेळ वाचायची राहून जाते. ज्यांची घरची भाषा वेगळी आहे त्यांना चित्र-नकाशा आणि त्यांच्या भाषेतली ती एक ओळ पुरते. आजार किंवा घरगुती अडचणी समजून घेताना मोठ्या भावंडाला दुभाषा करू नये. ते गाळून सांगते, किंवा त्याला जे कळायला नको ते कळते.

सुटताना

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी वर्षभराच्या आसपासच्या मुलांसाठी निरीक्षणाची जी पद्धत बसवली, तिच्यात आई बाहेर गेल्यावर मूल किती रडले यापेक्षा ती परत आल्यावर ते कसे वागले याकडे जास्त बारकाईने पाहिले जाते. पहिलीतली मुले पुष्कळ मोठी, तेव्हा तिचे निष्कर्ष इथे चिकटवायचे नाहीत. पण नजर तिकडे वळवायला हरकत नाही. मुलाच्या लेखी पहिला दिवस पार पडतो तो सांगितलेले माणूस सांगितल्या वेळी दारात दिसते तेव्हा.

तुकड्या सुटतातही आल्या त्याच क्रमाने आणि त्याच अंतराने. मुले आत बसलेली, दप्तरे पाठीला, गोष्ट चालू. दारात शिक्षिका, हातात कार्डे. आलेल्या माणसाने मुलाचे आणि स्वतःचे नाव सांगायचे, कार्डाशी ताडायचे, मग मुलाला हाक. एका मुलामागे २० सेकंद धरली तर ३० मुलांना १० मिनिटे. हे पालकांना आधीच सांगितलेले असले की दारात रेटारेटी होत नाही. गोष्ट वाचायला आत दुसरे माणूस हवेच. ते नसेल तर शिक्षिकेची पाठ वर्गाकडे होते आणि मुले आपापले माणूस दिसताच निसटतात.

कार्डावर नाव नसलेले कुणी आले तर एकच ठरलेले वाक्य, सर्वांना सारखे: ‘फोन करून विचारते, दोन मिनिटं बसा.’ ‘हा माझा मामाच आहे’ असे मूल म्हणाले तरी ती परवानगी होत नाही. ओशाळून शिक्षिका इथेच ढिल्या पडतात, म्हणून वाक्य आधी घोटून घ्यावे. ‘देऊ नये’ या रकान्यातले नाव दारावर चिकटवलेल्या यादीत कधीच नसावे. ते शिक्षिकेच्या हातातल्या कार्डावर आणि कार्यालयात, एवढ्याच ठिकाणी. डोकी दिवसातून तीनदा मोजायची: सगळे आत आल्यावर, मधल्या सुट्टीनंतर, आणि सुटण्याच्या १० मिनिटे आधी.

तीव्र ॲलर्जीच्या मुलाचे औषध वर्गातच, मुलांच्या हाताला न येईल पण मोठ्याला एका हाताने काढता येईल अशा जागी. कुलूपबंद कपाटात ते सुरक्षित असते आणि निरुपयोगीही.

तरीही काय बिघडते

तिसरा दिवस. पहिल्या दिवशी हसत आत गेलेले मूल तिसऱ्या दिवशी फाटकाशी पाय रोवते. नवलाई ओसरलेली असते आणि हे आता रोजचेच आहे हे त्याला उमगलेले असते. घरचे मात्र शाळेत काहीतरी घडले असे धरून चालतात. ही शक्यता आधीच्या संदेशात लिहून ठेवली की फोन येतो तो तक्रारीचा नसून चौकशीचा. दोन दिवसांच्या सुट्टीनंतरचा दिवसही तसाच. पाळणाघरात मुलांना रुळवण्याच्या जर्मनीतल्या बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस पालक सोबतच राहतात, दूर जाण्याचा पहिला प्रयत्न चौथ्या दिवशी; आणि तो चौथा दिवस सोमवार आला तर मंगळवारी. प्राथमिक शाळेला एवढी सवड नसते, पण सोमवारी फाटकाशी एक माणूस जास्त ठेवणे जमते.

माणसेच कमी असतील तर आधी सजावट सोडावी, मग भाषण. सुटतानाचे दुसरे माणूस शेवटपर्यंत सोडू नये.

संध्याकाळी चार नोंदी: प्रत्येक तुकडीतले शेवटचे मूल किती वाजता आत आले, निरोपानंतर १० मिनिटांनी किती मुले रडत होती, सुटताना किती वेळा फोन करून खात्री करावी लागली, आणि दिवसभरात पालकांनी काय काय विचारले. दहा जणांनी एकच प्रश्न विचारला असेल तर चूक संदेशात आहे. न आलेल्या मुलांच्या घरी मात्र संध्याकाळची वाट न पाहता त्यांच्या तुकडीच्या वेळेनंतर तासाभरात फोन जायला हवा. पुष्कळदा तारीख चुकलेली असते, एवढेच.

दहाव्या दिवसाच्या आसपास प्रत्येक कुटुंबाशी १० मिनिटांची भेट. तीस कुटुंबे म्हणजे ५ तास, ते चार-पाच दुपारींवर वाटावेत. त्या भेटीत कार्ड समोर ठेवून एकदा वाचून घ्यावे, कारण फोन क्रमांक आणि न्यायला येणारी माणसे तेवढ्यात बदललेली असतात.